या ड्रायव्हरला साखर देऊ नये

शिनोलीच्या हॉटेलात मी बबनरावांकडे तीन चमचे साखर घातलेला चहा मागितला. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर कागद होता. 'ट्रक ड्रायव्हर दत्ता यांना शुगर आहे. त्यांनी कितीही हट्ट केला तरी साखरेचा चहा देऊ नये.' खाली सही माझी. कागदाला लॅमिनेशनही मीच करून आणलं होतं.

माझे हात कापत होते, शर्ट घामानं भिजला होता. दोनशे पावलं मागे भाताच्या पोत्यांनी भरलेला ट्रक रस्त्याकडेला उभा होता आणि त्याची चावी माझ्या खिशात होती.

आधी थोडं समजावतो. शुगर वाढते ती सावकाश, महिनोन् महिने त्रास देते. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर शुगर एकदम उतरते. डॉक्टर तिला 'लो' म्हणतात. हातापायांना कापरं भरतं, घाम फुटतो, चिडचिड होते आणि मग शुद्ध जाते. ड्रायव्हरची चिडचिड हे लक्षण कोणी धरत नाही. तो एरवीही चिडलेलाच असतो.

मी यादीवर चालणारा माणूस आहे. केबिनमध्ये एक पुठ्ठा टांगलेला असतो: हवा, ऑइल, लाइट, कागदपत्रं, गोळ्या, शुगरचा मीटर, डबा. डबा म्हणजे शुगर उतरलीच तर खायला ठेवलेल्या खडीसाखरेचा. रोज सकाळी प्रत्येक ओळीपुढे खूण केल्याशिवाय मी स्टार्टर मारत नाही.

हॉटेलांतले कागदही त्याच शिस्तीतले. मंचर ते तळेघर रस्त्यावर बिनसाखरेचा चहा मागितला की 'एवढ्यानं काय होतंय, राव' म्हणून दोन चमचे टाकलेलाच चहा पुढे येतो. म्हणून पाच हॉटेलांत पाच कागद लावले. आमचे मालक सुभाषशेठ खूप हसले. त्यांचं वैद्यकीय ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओंतलं. मला ते कारल्याचा रस घ्या म्हणून सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या हातात जिलेबी असते. पण एक गोष्ट ते न हसता बोलले होते, "दत्ताभाऊ, गाडीवर एकदा जरी तुमाला चक्कर आली, तर चावी माझ्या टेबलावर." बावीस वर्षं ट्रक चालवतोय. दुसरं काही मला येत नाही.

त्या दिवशी तळेघरहून भाताची पोती मंचरच्या गिरणीवर आणायची होती. अकराला भरून निघायचं, तर वजनकाट्याची बॅटरी उतरलेली. ती चार्ज होईपर्यंत सगळे काट्याभोवती बसून त्याच्याकडे बघत राहिले. घरून आणलेली भाकरी सकाळीच संपली होती. एकला मोबाइलचा अलार्म वाजला. माल ज्यांचा होता ते किसनराव ताट वाढतोय म्हणाले, म्हणून मी यादीप्रमाणे गोळी घेतली.

ताट आलं. नव्या तांदळाचा पांढराशुभ्र डोंगर, त्यावर तूप, शेजारी गुळाची खीर. मी नाचणीची भाकरी मागितली. चुलीवरून तिचाच वास येत होता. किसनराव ओशाळले. "पावण्याच्या ताटात नाचणी कशी वाढायची? लोक काय म्हणतील आमाला?" आत त्यांच्या घरची माणसं तीच भाकरी खात होती. इतकं औषधी धान्य घरच्यांनी लपून खायचं आणि पाहुण्याला मात्र खीर घालून आजारी पाडायचं, याला आपल्याकडे मान म्हणतात.

मीही कमी नव्हतो. ज्या माणसानं चिखलात वाकून तो तांदूळ पिकवला, त्यालाच मी तांदळाचे तोटे सांगितले. दोन वाट्या आमटी प्यायलो आणि ताठ मानेनं उठलो. गोळी पोटात गेल्यावर समोर येईल ते खायचं असतं, एवढी अक्कल त्या व्याख्यानात नव्हती.

अडीचला निघालो. घाट उतरलो तोवर ठीक होतं. डिंभ्याच्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. आधी वाटलं, अलाइनमेंट गेली. मग कळलं की थरथरतोय तो मीच. शिनोलीच्या अलीकडे ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला आणि डबा उघडला.

डबा रिकामा.

मग आठवलं. दसऱ्याला मालकीणबाईंनी गाडीची पूजा केली, तेव्हा प्रसाद कमी पडला होता. केबिनमधली खडीसाखर आयतीच सापडली. त्यानंतर रोज सकाळी मी यादीत 'डबा' या शब्दापुढे खूण करत होतो. डबा होताच की.

म्हणून चालत बबनरावांकडे आलो होतो.

"बबनराव, आज द्या. लो झालीय."

"लो तर चांगलंच की. एवढे दिवस वाढली म्हणून रडत व्हता."

"साखर द्या म्हणतो ना!"

"बघा, कसं करतंय माणूस," ते गिऱ्हाइकांना म्हणाले. "कागदावर लिवलंयच, हट्ट करतील म्हनून. लई पक्कं लिवलंय."

शेजारच्या बाकावर जुन्नरचे बांगड्यांचे व्यापारी हमीदचाचा बसले होते. त्यांच्यापुढे नुकताच आलेला चहा होता. मी तो उचलला आणि उभ्यानं पिऊन टाकला. चाचांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"बबनराव, तो कागद राहू द्या," ते शांतपणे म्हणाले. "साखरेची बरणी इकडं आणा. माझ्या घरात बायकोला असंच होतं. अजून पाच मिनिटं वाचत बसलात तर माणूस आडवा होईल."

बरणी आली. ग्लासभर पाण्यात मूठभर साखर ढवळून प्यायलो. खिशातला मीटर लावला तर चोपन्न. पंधरा मिनिटांनी अठ्ठ्याण्णव. मग दोन चपात्या खाऊन तासभर बसून राहिलो. मधे चाचांना दुसरा चहा पाजला. त्यांनी तो ग्लास शेवटपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

शेठना फोन मीच केला. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर मी शिनोलीत लोकांचे चहा हिसकावतो एवढंच त्यांना कळलं असतं. त्यांनी सगळं ऐकलं.

"चावी आणून ठेवा," ते म्हणाले.

"ठेवतो. पण शेठ, माझी औषधाची खडीसाखर दसऱ्याला प्रसादात वाटली."

"मग?"

"तुमी दोनदा घेतली व्हती."

मग ते म्हणाले, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, पुढचं मग बघू. डॉक्टरांनी दुपारची गोळी बदलून दिली आणि तीन दिवस गाडीला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी चिठ्ठी शेठच्या टेबलावर गेली, चावी माझ्याच खिशात राहिली.

पुठ्ठ्यावर आता 'डबा' नाही, 'डबा उघडून खडीसाखर बघणे' असं आहे. पाचही हॉटेलांतल्या कागदांवर एक ओळ वाढवली: 'हात कापत असतील तर आधी साखर द्यावी, वाद नंतर घालावा.' बबनराव ती ओळही तितकीच काटेकोर पाळतात. आता चहा मागितला की मला आधी दोन्ही हात काउंटरवर पसरून दाखवावे लागतात. सगळं हॉटेल वाकून बघतं. हात स्थिर आहेत याची खात्री झाली की मगच बिनसाखरेचा चहा मिळतो, तोवर तो गार झालेला असतो.