बारावी टाचणी

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना सांभाळणाऱ्या त्या घरात मावशीला कामाला लागून सतरा वर्षं झाली होती. दोन मजले, अठ्ठावीस म्हातारेकोतारे आणि बाहेरच्या दाराला आकड्यांचं कुलूप. चार आकडे दाबले की दार उघडायचं. ते आकडे तिथे राहणाऱ्यांच्या ध्यानात राहायचा सवालच नव्हता, पण खरं सांगायचं तर मावशीच्याही राहायचे नाहीत. रोज सकाळी ती ते पेनाने तळहातावर लिहून घ्यायची. नवरा विचारायचा, "तू तिथे कामाला आहेस की राहायला?" मावशी म्हणायची, "अजून ठरलं नाही."

तिची एक रीत होती. ती तिथल्या कुणाला 'नाही' म्हणायची नाही. एक साहेब रोज ऑफिसला निघायचे, त्यांना ती सांगायची, "आज सुट्टी आहे साहेब, कालच नाही का नोटीस लागली?" साहेब खूश होऊन परत चपला काढायचे. ब्याऐंशी वर्षांची बाई आई कुठे गेली म्हणून विचारायची. तिला आई वारल्याचं सांगून रोज नव्याने रडवायचं, यात कसलं आलंय शहाणपण? "दळण आणायला गेलीय, येईलच," म्हणून मावशी मोकळी व्हायची.

मास्तरांशी मात्र नुसत्या बोलण्याने भागत नव्हतं. मास्तर म्हणजे शिंपी. पन्नास वर्षं कोट शिवलेला माणूस. सकाळचे साडेअकरा वाजले की त्यांच्या अंगात यायचं. "गिऱ्हाईक खोळंबलंय, दुकान उघडा," म्हणून दारं धडकवायचे. दारं उघडली नाहीत की स्वतःचा सदरा उसवायला घ्यायचे. कॉलरच्या आत नावाची नि फोन नंबरची पट्टी शिवलेली असायची, ती त्यांनी तीनदा उसवून काढली. सदऱ्याचा धागासुद्धा तुटला नाही, इतकी सफाई.

शेवटी मावशीने घरून मापाची टेप आणली. चादरींच्या खोलीत नेऊन मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती गळ्यात टाकली नि माणूस वीतभर उंच झाला. चादरी मोजायचे, घडी घालायचे, मधेच ओठ घट्ट मिटून बसायचे. तोंडात टाचण्या धरल्यात असं त्यांना वाटायचं. आणि टाचण्या धरलेल्या शिंप्याशी कोण बोलतंय? तासाभराने मावशी टेप काढून घ्यायची, ॲप्रनच्या खिशात घालायची.

हे सगळं चोरून. कारण ते घर चालवणाऱ्या मॅडमचा नियम होता. दोरी, नाडी, पट्टा, टेप, गळ्याला आवळेल असं काहीही कुणाच्या हाती द्यायचं नाही. "देणारा त्याच दिवशी घरी जाईल," असं मॅडमनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. त्या उगाच बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्या दिवशी साडेबाराला सिस्टरने मास्तरांना रक्तातली साखर उतरवायचं इंजेक्शन दिलं नि मावशीला बजावलं, "अर्ध्या तासात जेवायला घालायचं. उशीर नको." आणि नेमकी जेवणाची गाडी घेऊन येणारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत आचारी. तो असा ओरडायला लागला की वरचे चार जण रडायला लागले. मावशी धावली. कुणाला पाणी दे, कुणाचा हात धर, आचाऱ्याला दारातून सांग की बाबा रे, मरत नाहीस. लिफ्ट सुटायला पंचवीस मिनिटं गेली.

मावशी परत आली तेव्हा चादरी घडी घालून रचलेल्या होत्या. मास्तर नव्हते. टेपही नव्हती. तिने ॲप्रनचा खिसा चाचपला. रिकामा. घाईघाईत टेप त्यांच्या गळ्यातच राहिली होती.

सगळं घर शोधायला लागलं. न्हाणीघरं, पलंगांखाली, कपाटांमागे. सिस्टर घड्याळाकडे बघत म्हणाली, "इंजेक्शन रिकाम्या पोटात काम करतंय. दीडपर्यंत काही खाल्लं नाही तर ते कोसळतील. मग सापडूनही उपयोग नाही."

दारावरच्या वॉचमनचा कामावर दुसराच दिवस होता. तो शपथेवर सांगत होता, "इथून एकही म्हातारा बाहेर गेला नाही."

मावशी त्याच्याजवळ गेली, हळूच म्हणाली, "अरे, शिंपी गेला का कुणी?"

"शिंपी? हो, गेले ना. पडद्यांचं माप घ्यायला आले होते. माझ्यासमोर खिडकी मोजली, म्हणाले, कापड घेऊन मंगळवारी येतो. मीच दार उघडून दिलं."

"कुठल्या बाजूला गेले?"

"ते नाही बघितलं, मावशी. का?"

डावीकडे दुकानांची रांग, उजवीकडे मोठा रस्ता, गाड्यांची रीघ. मावशी जिन्यापाशी उभी राहिली. वर मॅडम. न सांगता एकटीने पळत सुटावं, मास्तर सापडले तर टेप खिशात घालावी, कुणाला कळणारही नाही. पण दोन बाजूंना एकटी कशी पळणार? शिवाय बाकीचे हरवलेला म्हातारा शोधत राहतील, कामावर निघालेला शिंपी कुणाच्या डोळ्यांत भरणार? सतरा वर्षांची नोकरी. घरी नवरा गुडघे धरून बसलेला. चार पायऱ्या चढेपर्यंत तिने हा सगळा विचार केला. पाचवीवरून ती ओरडलीच, "मॅडम! मास्तर बाहेर गेलेत. गळ्यात टेप आहे. मी दिली होती."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण बाई कामाची. "तुमचं नंतर बघते," एवढंच म्हणाल्या. सिस्टर नि वॉचमन उजवीकडे धावले. मावशीच्या हातात साखरेच्या पाण्याची बाटली देऊन तिला डावीकडे पिटाळलं. एक वाजून बारा मिनिटं झाली होती.

औषधाच्या दुकानात विचारलं, "गळ्यात टेप घातलेले आजोबा बघितले का?"

"बघितले म्हणजे काय, माझं माप घेतलं त्यांनी! उजवा खांदा उतरलाय म्हणाले. बायको वीस वर्षं हेच सांगतेय."

"कुठे गेले?"

"पुढे, चपलांच्या दुकानाकडे."

चपलावाल्याचा दरवाजा मोजून झाला होता. चावीवाल्याची टपरीही. तो म्हणाला, "पण ताई, घाम फार आला होता त्यांना. हात नुसता थरथरत होता."

मावशी पळत सुटली. साठीची बाई, एका पायातली चप्पल मागेच राहिली.

बसथांब्यावर मास्तर बाक मोजत होते. पुन्हा पुन्हा तोच बाक. सदरा घामाने भिजून अंगाला चिकटलेला, डोळे मिटायला आलेले. मावशीने त्यांना धरून बसवलं, बाटली ओठांना लावली. मास्तरांनी ओठ घट्ट आवळले, मान फिरवली आणि बोटाने तोंडाकडे खूण केली.

टाचण्या!

बसची वाट बघणारी एक बाई म्हणाली, "अहो, नाक दाबा आणि ओता!"

"ठसका लागून जातील हो, बाई."

मावशीने घड्याळ बघितलं नाही. आकडे लिहिलेला तळहात तिने मास्तरांसमोर पसरला. "मास्तर, आता कात्री लावायची. टाचण्या माझ्याकडे द्या."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग दोन बोटांनी ओठांतून एक टाचणी काढली आणि तळहातावर ठेवली. काहीच नव्हतं त्या बोटांत. तरी मावशीने हात जराही हलू दिला नाही. दुसरी. तिसरी. पाचवीला मास्तरांची मान खांद्यावर पडली. मावशीने ती सावरली. "द्या मास्तर, गिऱ्हाईक खोळंबलंय." सहावी. बोटं वाटेतच थांबायची, ती वाट बघायची. दहावी. अकरावी.

मास्तर थांबले. ओठ मिटलेलेच. ते जमिनीवर, बाकाखाली शोधायला लागले. चादरींच्या खोलीत ते तोंडातून काढून मोजायचे, त्या रोज बाराच व्हायच्या. बारावी मिळाल्याशिवाय हा माणूस तोंड उघडणार नव्हता, मग जीव गेला तरी बेहत्तर.

मावशीने दुसऱ्या हाताने स्वतःच्या ॲप्रनवरून काहीतरी उपसलं. "ही काय! मघाशी मलाच टोचून ठेवलीत. गिऱ्हाइकाला टोचता होय?" आणि तळहातावर ठेवली.

मास्तरांनी नीट बघितलं. एकदा मोजल्या. मग ओठ सुटले. "माफ करा हं," ते पुटपुटले.

"माफी नंतर. आधी घोटभर पाणी."

ते प्यायले. पुन्हा प्यायले. थांब्यावरच्या बाईने मावशीला नंबर विचारून फोन लावला होता; सिस्टर मोटार घेऊन आली, तिने बोटाला टोचून साखर बघितली आणि नुसती मान हलवली. अजून फार कमी होती, पण वर येत होती. तोवर मावशी एक हात तसाच पसरून बसली होती. तो मिटायला हवा हे तिच्या लक्षातच आलं नाही.

मॅडमनी तिला आठ दिवस घरी बसवलं. नवव्या दिवशी बोलावून ताकिदीची चिठ्ठी हातात दिली. "पुन्हा चोरून काही केलंत तर कायमच्या घरी. बोलायचं तेव्हा मला येऊन बोलायचं." मग ड्रॉवरमधून एक टेप काढली. "ही कागदाची आहे. ओढली की फाटते. रोज साडेअकराला, इथे, माझ्या टेबलाशी. चादरींच्या खोलीत नाही."

मास्तर आधीच टेबलाशी बसले होते. त्यांनी मावशीकडे कुणा परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"नवीन आलात का कामाला?"

"आजच लागले, मास्तर."

"टाचण्या सांभाळता येतात?"

मावशीने तळहात पुढे केला.