हंगामाच्या सणाला रिकामी दुरडी

दुष्काळात कुणी मराठवाड्यात फिरायला जातं का, असं नाशिकमध्ये ज्यानं त्यानं विचारलं. मी म्हणाले, सणाला चाललेय. उदगीरजवळ माझ्या आत्याचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये दरवर्षी हंगामाचा सण होतो. शेतात आलेल्या धान्याचा पहिला वाटा लोक दुरडीत घालून वेदीपुढे ठेवतात, मग प्रभुभोजन होतं. आई आणि आत्या, दोघी नणंद-भावजया, तिथं सतरंजीवर शेजारी बसून भजनं म्हणायच्या, एक ओळ आई, एक आत्या. आई गेली त्याला वर्ष झालं. तेव्हापासून कितीही नेटानं गुडघे टेकले तरी मला प्रार्थना जमेना. एकदा आत्याला बिलगून त्या सतरंजीवर बसायचंच, एवढं एक डोक्यात होतं.

सकाळी नांदेडला उतरले. जाणार असाल तर स्टँडजवळ गरम सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमा, खाऊन घ्या, पाणी भरपूर ठेवा आणि बाया असाल तर एसटीत अर्ध्या तिकिटाची चैन करा. लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, उदगीर असा रस्ता. दोन्हीकडे नुसती भेगाळलेली काळी रानं. उदगीर आलं तशा भिंतींवर नव्या जिल्ह्याच्या मागणीच्या घोषणा दिसू लागल्या.

"जिल्हा झाला की पाणी येतंय म्हणं?" पुढच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं.

"येतंय की," कंडक्टर म्हणाला, "तवर बाटली जपून ठिवा."

आत्याचं पीक करपल्याचं फोनवर कळलं होतं. म्हणून मी शहाणपणा केला. मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानातून चांगली टपोरी ज्वारी घेतली आणि घरी पोचल्यावर तिच्या दुरडीत ओतली. आत्या दुरडीकडे बघतच राहिली.

"हे इकतचं धान्य माझा हंगाम म्हणून देवाम्होरं ठिवू? मी दोनदा पेरलं, डोक्यावरनं पाणी वाहिलं. न्हाई आलं. आता लबाडी करू?"

तिनं ज्वारी परत पिशवीत भरली. मग हळूच म्हणाली, "औंदा मी येत न्हाई. तू जा."

उभ्या आयुष्यात तिचा हा सण चुकला नव्हता. रविवारी चर्चची घंटा झाली तरी ती उंबऱ्यावर बसून. मीही शेजारी बसले.

"जा की," ती म्हणाली.

"तुझ्याशिवाय नाही जायची. मी धान्य बघायला आले का इथवर?"

"रिकाम्या हातानं त्याच्या दारात कसं जावं, सांग."

मला रडू यायला लागलं. "आणि मी काल हात हलवत आले असते तर? घेतलं नसतंस घरात?"

"खुळी का काय! तू लेकरू हायस. लेकराला कुणी इचारतंय का, काय आणलं म्हणून?"

तिनं समोरच्या रानाकडे एकदा बघितलं. मग उठली, पदर सारखा केला, रिकामी दुरडी काखेत घेतली आणि माझ्याआधी चालायला लागली.

वेदीपुढे मूठभर हरभरा, दोन भोपळे, थोडी चिंच होती. आत्यानं आपली दुरडी त्यांच्या रांगेत ठेवली. पाळकसाहेब भाकर घेऊन आले तेव्हा तिनं डाव्या तळव्यावर उजवा ठेवून हात पुढे केले. त्या तळव्यांना खुरप्याचे घट्टे होते. मीही तसेच हात धरले. भजन सुरू झालं, तेव्हा ती आईची ओळ आली की थांबायची. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा ती ओळ मी म्हटली.

आता नाशिकला त्या ज्वारीच्या भाकरी करतेय. आईची आठवण कमी झालेली नाही, उलट वाढलीय. पण बोलायला बसले की ऐकायला कुणीतरी आहे असं वाटतं. काल आत्याला फोन केला.

"पाऊस?"

"अजून न्हाई."

"मग उन्हात कुठं आहेस?"

"रानात. पेरायच्या आधी धसकटं येचायलेय."