मोंबासाला न गेलेली केळ

१९६३, मार्गशीर्षातला सोमवार, नंदुरबार स्टेशन. हजर : मी, आमच्या सौभाग्यवती, तीन डाग सामान आणि मांडीवर केळीचा कंद घेऊन बसलेले, सुटाबुटातले एक अनोळखी गृहस्थ.

ते मूळचे जवळच्याच कोरीट गावचे, पण वीस वर्षं आफ्रिकेत मोंबासाला दुकान चालवत होते. आई गेली म्हणून आले होते, आता परत निघाले होते. मनगटावरचं घड्याळ तिकडच्याच वेळेवर होतं. ते पाहून डोळे मिटायचे नि पुटपुटायचे, "आते दुकान उघडनं व्हई."

"आफ्रिकेत केळी नाहीत का हो?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"गंज शेतस, ताई, बागाच्या बागा. पन हाई मन्ही मायनी लायेल शे."

तिकडे इंग्रजांचा झेंडा उतरत होता. ब्रिटिश राहायचं, नव्या देशाचं व्हायचं की भारताचं, हे त्यांना आता कागदावर लिहून द्यायचं होतं. कंदाची माती चाचपत ते म्हणाले, "झेंडा बदलना का घरना मानूस पाहुना व्हई जास."

मातीसकट कंद बोटीवर चढू देणार नाहीत, हे मीच त्यांना सांगितलं. गाडी आली तेव्हा कंद त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"परसात लाई द्या, भाऊ. घड लागना का खावाले इसू."

खायला येणार म्हणाले, म्हणून मी माझा पत्ता लिहून दिला. त्यांचं नाव विचारायचं मात्र राहिलं, तेही माझ्यासारख्या याद्या करणाऱ्या माणसाकडून!

कंद मी परसात लावला; आज त्या केळीचा घड पिवळा झालाय, पोपट चोची मारतायत. रोज सकाळी यादीत पहिलं काम लिहितो, 'घड उतरवणे', आणि संध्याकाळी ते उद्याच्या यादीत उतरवून घेतो.