भुरीचा पान्हा

वैष्णवी नाताळाच्या सुट्टीत वाशीमच्या होस्टेलातून घरी आली, तेव्हा तिच्या आईनं तिच्या हातातली बॅग स्वतः घेतली. मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. बॅग आईनं घेतलेली मला दिसली, आणि ते पोरीला आवडलं नाही हेही दिसलं.

तिची आई दुर्गाबाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. शेलूबाजारच्या टोकाला आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत, त्यामुळं तिकडची फोडणी इकडं कळते आणि इकडचं भांडण तिकडं. वैष्णवी माझ्या डोळ्यांसमोर वाढली. यंदा अकरावीला वाशीमला गेली. तोवर ही पोर दिवस उगवायच्या आत गोठ्यात असायची. भुरी म्हैस तिनंच वाढवलेली. वगार, म्हणजे लहान पारडी, होती तेव्हा तिला ती स्वतःच्या ताटातली भाकर द्यायची. भुरी पहिल्यांदा व्याली आणि वैष्णवीशिवाय कोणाला खाली बसू देईना. वैष्णवीच्या वडिलांना, जगदेव भाऊजींना, तिनं अशी लाथ दिली, की त्यानंतर ते कासेजवळ गेले नाहीत. जाऊबाईंचा उजवा अंगठा कुट्टीच्या मशीनमध्ये सापडला होता, तेव्हापासून त्यांची मूठ वळत नाही. म्हणून वैष्णवी शिकायला निघाली, तेव्हा घरात फीपेक्षा मोठी चर्चा ही झाली, की आता भुरीचं दूध काढायचं कोणी.

मागच्या गल्लीतली राखी काढू लागली. वैष्णवीच्या बरोबरीची, दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलेली. ती गावातल्याच कॉलेजात जाते. सकाळ-संध्याकाळ येते, दूध काढते, आपल्या घरचं गडूभर घेऊन जाते.

त्या पहिल्या संध्याकाळी वैष्णवी ओढणी खोचून गोठ्याकडं निघाली, तर जाऊबाई म्हणाल्या, "बस तू. थकून आली. राखी करते."

राखी आली. कोणाला न विचारता खुंटीवरची चरवी काढली, सरकीच्या ढेपीचा डबा उघडला. आतून जाऊबाई ओरडल्या, "वगारीले आधी बांध वो, मंग बस. रोज सांगा लागते तुले."

"हो मोठमाय," राखी हसत म्हणाली.

मागच्या वर्षापर्यंत ती जाऊबाईंना काकू म्हणायची. वैष्णवीनं मान उचलून पाहिलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये घातली.

दुसऱ्या दिवशी पंचवीस तारीख. होस्टेलातल्या मैत्रिणींसारखा आपल्याही घरी नाताळ व्हावा म्हणून पोरीनं वाशीमहून केक आणला होता. डब्यात एका बाजूनं दबलेला. अंगणात बाजेवर ठेवला, मला बोलावलं, राखीलाही बोलावलं. जाऊबाईंनी सुरी राखीच्या हातात दिली. "काप वो. जरा सारखे तुकडे कर, मागच्या बारीले आंबा कसा कापला होता तू?" आणि पहिला तुकडा चिनीमातीच्या ताटलीत ठेवून वैष्णवीपुढं केला. ती ताटली जावई आले तरच निघते. राखीनं आपला तुकडा तळहातावर घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

वैष्णवीची ताटली तशीच राहिली. थोड्या वेळानं ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"काकू, मी पाहुणी हाये का?"

"पाहुणीच. दोन दिस खा, झोप काढ."

ती हसली नाही. "माय तिले रागावते. तिले काम सांगते. मले काईच म्हणत नाई. मी कपडे धुवाले घेतले, तं हातातून घेतले."

"लाड करून राह्यली तुहे."

"मले नाई पायजे लाड," ती म्हणाली. "भुरीनं बी मले हुंगलं नाई काल."

त्या संध्याकाळी राखी आली नाही.

"तिले ताप हाये म्हणे," वैष्णवी म्हणाली. "मी बसतो." चरवी तिच्या हातात आधीच होती.

तिनं कास धुतली, वगार सोडली, ओढून बाजूला बांधली, खाली बसली. सगळं बरोबर केलं. चार धारा आल्या आणि भुरीनं दूध वर ओढून घेतलं. वैष्णवीनं मान खाजवली, पुन्हा वगार सोडली, ढेप दुप्पट टाकली. भुरीनं ढेप सगळी खाल्ली आणि दूध काही दिलं नाही.

"चोरून राह्यली," जाऊबाई म्हणाल्या. "विसरली असन तुले. सकाळी देईन."

सकाळीही तेच. संध्याकाळपर्यंत कास तट्ट झाली. हात लावला की गरम लागायची, आणि म्हैस पाय बदलत उभी. जाऊबाई घाबरल्या. "कास दगडी झाली म्हणजे एखादा सड जाईन." त्यांनी डब्यात खिचडी भरली. "राखीले देऊन येतो. पायतो, उठवत असन तं घेऊन येतो."

"मी जातो," वैष्णवी पटकन म्हणाली.

"तू बस. थंडी हाये."

पोरीचा चेहरा असा उतरला, की मी जाऊबाईंच्या हातातून डबा घेतला. "मीच जाते. तुम्ही म्हशीजवळ थांबा."

राखी आपल्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अंगात स्वेटर, डोक्याला तेल, चांगली ठणठणीत.

"ताप उतरला वाटतं," मी म्हणाले.

"कोणाले ताप?" तिनं वर पाहिलं. मग पुन्हा शेंगांकडं पाहिलं. "मोठमायनंच निरोप देल्ला ना. आता वैष्णवी हाये, तू येऊ नको म्हणून. वैष्णवीच सांगून गेली." एक शेंग तिच्या बोटांत दाण्यांसकट चिरडली. "मी म्हटलं, बरं. मोठमायनं स्वता येऊन सांगतलं असतं तं काय झालं असतं?"

मी डबा तिथंच ठेवला आणि निघाले.

वैष्णवी फाटकाशी उभी होती. माझ्या रिकाम्या हातांकडं पाहत होती.

"डबा तिथंच राहिला," मी म्हणाले. "तूच घेऊन ये."

ती चपला न घालताच गेली.

तिथं काय झालं ते दोघींनी मला नंतर आपापल्या परीनं सांगितलं, आणि दोघींचं जवळजवळ जुळलं.

"म्हशीसाठी आली का माह्यासाठी?" राखीनं विचारलं.

"म्हशीसाठी."

"मले का तिनं पहिल्या दिवशीच देल्लं दूध? लाता खाल्ल्या म्या. मंग तुह्या मायनं तुहा पोपटी ड्रेस काढून देल्ला. तो घालून बसली, तवा तुह्या वासानं उभी राह्यली ते."

"माहा पोपटी ड्रेस?" वैष्णवी म्हणाली. "मी तो होस्टेलात शोधून राह्यली होती."

"फाटला आता."

"फाडला बी?"

"म्हशीनं फाडला. तिले विचार."

इथं दोघींपैकी कोण आधी हसलं यावर मात्र एकमत नाही. राखी म्हणते, कोणीच हसलं नाही. शेवटी राखी उठली. "येतो. पण तुह्या मायसमोर सांग, मले येऊ नको कोणं म्हटलं ते. नाई तं मी अंगणात पाय नाई ठेवत."

वैष्णवीनं अंगणात येऊन सांगितलं. भुरीच्या पाठीकडं पाहत, एका दमात. "मायनं काई म्हटलं नोतं. म्याच सांगतलं. ताप बी नोता."

जाऊबाईंनी फक्त ढेपीचा डबा राखीपुढं सरकवला. राखीनं चरवी उचलली.

धार चरवीच्या बुडाशी वाजली आणि मग फेसात तिचा आवाज बुडत गेला. भुरी डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागली. वैष्णवी वगारीचं दावं धरून उभी होती. म्हैस मोकळी होत होती म्हणून पोरीचा जीव भांड्यात पडत होता, पण राखीच्या हातांवरची नजर काही हलत नव्हती. तिच्या जबड्याचं हाड मला लांबून दिसत होतं. अर्ध्यात राखी सरकली. "ये, बस."

वैष्णवी बसली. दोन-तीन धारा जोरात आल्या, मग बारीक झाल्या. भुरीनं मान वळवून पाहिलं. वैष्णवी आपणहून उठली. "तूच काढ. पुरं रिकामं कर."

कास मऊ पडली, आणि मग जाऊबाईंचा बांध फुटला.

"खोटं बोलाले शिकवतेत का वाशीमले? त्या पोरीचा अपमान, मुक्या जनावराचे हाल, अन् मी इकडं तिच्यासाठी खिचडी शिजवून राह्यली. शेन काढ. कोठा झाड. जाईपर्यंत भुरीले सकाळचं कुटार तूच टाकायचं. अन् रोज राखीच्या बाजूले बसायचं. भुरीले दोघीयचे बी हात समजले पायजे. तू बस वो राखी, च्या ठेवतो."

राखी ओट्यावर बसली, जरा अवघडून. वैष्णवीनं टोपली आणि खराटा घेतला.

"असा कोणी धरते का खराटा?" जाऊबाई चुलीपासून ओरडल्या. "होस्टेलात राहून सारं विसरली का?"

"नाई विसरली," वैष्णवी तितक्याच जोरात ओरडली.

तिची पाठ माझ्याकडं होती. झाडून झालेला कोपरा ती पुन्हा झाडत होती, आणि मधूनच मान वळवून पाहत होती, की राखीला चहा कोणत्या कपात मिळतो.