फिश टँकमध्ये तालमीची माती

वडील मला पहिल्यांदा 'पावणं' म्हणाले तेव्हा मी गॅसवर चहा ठेवत होतो. "कुठनं आलासा, पावणं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, इथलाच आहे. मग चहा गाळला, बशीत ओतून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि साखर संपत आलीय हे बायकोला सांगायला गेलो. बाप पोटच्या पोराला परक्यासारखी हाक मारतो म्हटल्यावर माणसाला रडू यायला हवं. माझ्या डोक्यात साखरच राहिली. पुढे काही वाटेल म्हणून वाट बघितली, पण आतलं सगळं भूल दिलेल्या दाढेसारखं झालं होतं. जीभ लावली तर तिथं काहीतरी आहे एवढंच कळायचं.

मी राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवतो. क्लास दुपारनंतर असतात आणि बायको सकाळीच दवाखान्यात कामाला जाते, त्यामुळे सकाळभर घरात आम्ही दोघंच असायचो, वडील आणि त्यांचा पावणा. विसरण्याचा आजार आहे, तो बरा होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी त्यांना अंघोळ घालायचो, दाढी करायचो, भरवायचो. ते मला आभार मानल्यासारखं हात जोडायचे. त्याचा मला राग यायचा, म्हणजे यायला हवा होता.

वडील जुने पैलवान. दिवसा नोकरी केली, पण जीव तालमीत. लहानपणी मला एकदा घेऊन गेले होते. मी मातीच्या हौदाच्या काठावर बसून जे भोकाड पसरलं, ते घरी येईपर्यंत. पुन्हा त्यांनी नाव काढलं नाही. मला मासे आवडायचे. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी रंकाळ्यातले बारके मासे ठेवायचो आणि तासन् तास बघत बसायचो. पैलवानाचं पोरगं बरणीपुढं बसतंय म्हणून गल्लीची फुकटात करमणूक झाली. वडील एका शब्दानं बोलले नाहीत. बरणीजवळून जाताना मान दुसरीकडं वळवायचे. त्या न बोलण्याचा अर्थ मी तेव्हाच लावून टाकला होता, की बापाला आपली लाज वाटते. पन्नाशी आली तरी तो बदलला नव्हता. एका गोष्टीत मात्र मी तोऱ्यात असायचो. गल्लीतल्या बाकी पोरांचे मासे दोन दिवसांत उलटे तरंगायचे, माझे जगायचे. माझ्या हाताला गुण आहे, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

तो नाद सुटला नाही. आमच्या हॉलमध्ये फिश टँक आहे. त्यात गप्पी मासे, तळाला निळे खडे आणि प्लॅस्टिकची झाडं. वडील दिवसभर त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसायचे, रस्त्याकडं बघत बसावं तसे. एका सकाळी ते अचानक म्हणाले, "ही झाडं खोटी हायती."

कितीतरी महिन्यांत ते इतकं नीट, खरं वाक्य बोलले नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. पुढचं वाक्य आलं नाही. पण खोटं झाड ओळखणारा माणूस एखाद्या दिवशी खरं पोरगंही ओळखेल, असं माझ्या मनानं घेतलं. एकदाच ओळखावं, पुन्हा विसरले तरी चालेल. टँकमध्ये खरी झाडं लावायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

पाण्यातल्या झाडांना मुळं धरायला माती लागते. शाहूपुरीतल्या दुकानदारानं तयार मातीची पिशवी पुढं केली, लांबच्या कुठल्या देशातली. कोल्हापुरात राहून माती विकत आणायची म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ उसनं मागण्यासारखं, असं त्याला सुनावून मी बाहेर पडलो. घरी फोनवर व्हिडिओ बघितले. माती घरीच करता येते, फक्त तिच्यात शेणखत किंवा युरिया नको, नाहीतर पाणी सडतं आणि मासे मरतात. पेठ वडगावला मेव्हण्याचं शेत आहे, पण त्यात ऊस, म्हणजे युरिया आलाच. नर्सरीतल्या मातीत निम्मं शेणखत. बिनखताची, बिनखड्याची, चाळलेली माती या गावात कुठं असेल असा विचार करताना मला वडिलांची तालीम आठवली.

आता हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं. कोल्हापुरात कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, तालमीच्या मातीत काय काय घालतात ते सांगेल. मी पैलवानाचा मुलगा, पण त्या हौदात पाय घातलेला नाही. माझ्या लेखी ती फक्त लाल, मऊ, स्वच्छ माती होती.

तालमीत गेलो, तर हौदात नवी माती भरायची म्हणून जुनी बाहेर काढून ढीग घातला होता. वस्तादांनी मला चेहऱ्यावरून ओळखलं आणि वडिलांची चौकशी केली. मी माती मागितल्यावर त्यांनी आधी मला चपला काढायला लावल्या.

"ही माती आमी कुठंबी टाकत न्हाय. कशाला पायजे?"

माशांसाठी, असं त्या सगळ्या गर्दनवाल्या पोरांसमोर माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "झाडं लावायचीत."

"मग न्या की. तुमच्या वडलांचा घाम हाय तिच्यात."

मासे म्हणालो असतो तर त्यांनी तिथंच अडवलं असतं.

माती घरी आणून गच्चीवर पिठाच्या चाळणीनं चाळली. बायको त्यावर जे बोलली ते बरोबरच होतं. मग टबात भिजवली, ढवळली, वर आलेला कचरा ओतून दिला, माती उन्हात पसरली, सुकल्यावर पुन्हा भिजवली. दर वेळी पाण्यावर पिवळट फेस यायचा. मातीतली खनिजं असतील असं मी धरलं. माणूस एकदा गाढवपणा करायला बसला की त्याला कारणंही मिळत जातात. पण ते दिवस बरे गेले. हाताला काम होतं आणि डोकं बंद होतं. वडिलांना मी गच्चीवर सावलीत बसवायचो, पण वारा त्यांच्या पाठीकडून असायचा, मातीचा वास त्यांच्याकडं जायचा नाही आणि ते पाण्याच्या टाक्यांवरच्या कबुतरांकडं बघत राहायचे.

मासे बादलीत काढले. टँकच्या तळाला बोटभर माती पसरली, वर धुतलेल्या जाड वाळूचा थर दिला, म्हणजे माती वर येत नाही. झाडं लावली. मध्ये बशी ठेवून तिच्यावर सावकाश पाणी सोडलं. पाणी काचेसारखं दिसत होतं. मी क्लासला गेलो.

परत आलो तर पाण्यावर तेलाचा तवंग होता. बायको पदर नाकाला लावून उभी होती.

"अहो, टँकमध्ये ताक ओतलंय का?" ती म्हणाली.

वास आंबट होता आणि त्यात हळद होती, कापूर होता. मी तालमीत फोन लावला. वस्ताद आधी बराच वेळ हसले, मग म्हणाले, "आवो, तेल, ताक, हळद, लिंबू, काय काय मुरलंय तिच्यात. मासं सोडलासा व्हय?" मी नाही म्हणालो आणि फोन ठेवला. मला लाज वाटली नाही की वाईट वाटलं नाही. आता हे सगळं उपसावं लागणार, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको कामाला गेल्यावर मी बनियनवर बसून टँक रिकामा करायला घेतला. पाणी काढलं, वाळू काढली आणि ओली लाल माती हातानं ओरपून घमेल्यात टाकू लागलो. वास घरभर पसरला. वडील खुर्चीतून उठले. आधार दिल्याशिवाय ते उठत नव्हते, त्या दिवशी उठले. माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले, घमेल्यात हात घातला, माती नाकाशी नेली, मग कपाळाला लावली. मी हलायचा थांबलो. आता ओळखतील, असं वाटलं.

त्यांनी मूठभर माती घेतली आणि माझ्या खांद्यावर, दंडावर चोळली. लढतीआधी पैलवान समोरच्याला लावतात तशी.

"कोरडंच उतारलासा व्हय, पावणं?" ते म्हणाले. "कुठली तालीम?"

म्हणजे नाहीच. मी मान खाली घातली आणि त्यांच्याच तालमीचं नाव सांगितलं.

"आमचीच की. मग माझ्या पोराला वळखत असशीला."

"ओळखतो," मी म्हणालो. "तो येत नाही ना तालमीत?"

"न्हाय येत. त्याला मासं आवडत्यात. बरणीत पाळल्यात."

मी बरणी सोडून कितीतरी वर्षं झाली होती. मी विचारलं, "तुम्हाला राग येत नाही त्याचा?"

"राग कशाचा? पोरगं खूश हाय." ते माझ्या दंडावर माती चोळतच होते. त्यांच्या हातात अजून जोर होता. "नळाच्या पाण्यात औषध असतंय, त्यात मासं मरत्यात. म्हणून पहाटं तालमीसनं येताना आडाचं पाणी आणतो मी. त्यो झोपेत असतो. गपचीप बदलून टाकतो."

मी घमेलं बाजूला सरकवलं.

"त्याला वाटतंय, त्याच्याच हाताला गुण हाय," ते म्हणाले, आणि हसले. "त्याला सांगू नगासा."

"नाही सांगत," मी म्हणालो.

मग त्यांनी सलामीला हात पुढं केला. मी माझा हात त्यांच्या हातात दिला.