डांबरगोळ्या आणि उदमांजर

बाळांनो, आज कामवालीने कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या. मी लगेच काढायला लावल्या. कारण तुम्हालाच सांगते.

गोडदेवच्या आमच्या जुन्या घरी, मे संपताना, माळ्यावर उदमांजर व्यालं होतं. मला घाण खपेना. मी मूठभर डांबरगोळ्या तिथे टाकल्या.

"पिल्लं चालायला लागली की जाईल ती," शेजारच्या हिराकाकी म्हणाल्या. "तुला काय माळ्यावर पंगत बसवायची हाय?"

मी नुसती हसले.

भर दुपारी ती आई एक पिल्लू तोंडात धरून कौलांवरून गेली. दुसऱ्यासाठी परतली, पण त्या उग्र वासाने मागे फिरली. मी घाईघाईने गोळ्या काढल्या. वास काही जाईना. आतलं पिल्लू संध्याकाळभर ओरडत राहिलं.

सकाळी माळा अगदी शांत होता, मला हवा होता तसा.