झालं-की ताई

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही सावरून बसता, मला माहितीये. आता एक म्हातारा येणार, खोकणार, लेखकाच्या डोक्यावरून थरथरता हात फिरवणार आणि शेवटच्या परिच्छेदात गपकन मरणार. रुमाल काढला असेल तर खिशात ठेवा. मी जिच्याबद्दल सांगतोय ती ताई ठणठणीत आहे, पुण्यात आहे आणि माझ्याहून जास्त जेवते. ती सॉफ्टवेअरवाली आहे म्हटल्यावर तुम्ही तिला जाड चष्मा लावला असेल. तोही काढा. तिची नजर इतकी लांबची होती की तुम्ही समोर उभे असलात तरी तुमच्या पलीकडचा डोंगर बघतेय असं वाटायचं. बहुतेक वेळा खरंच बघत असायची.

आमच्या अक्कलकुव्यात तिला सगळे झालं-की ताई म्हणायचे, कारण ती कुणाला हुकूम सोडायचीच नाही. टपरीवर आपण म्हणतो, एक कटिंग दे. ती म्हणायची, "चहा झाला की मी इथं आहे." आणि बाकावर बसून तंद्री लावायची. जीपवाल्याला एकदा म्हणाली, भरली की मी बसते. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बसशात तवयच भरी ना ती." माझ्या मामाला तर कळायचंच नाही. तो मला अहिराणीत विचारायचा, "हाई बाई बोलस का वाट दखस?"

मामाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि वरची खोली ताईनं भाड्यानं घेतलेली. तिचं गाव वर डोंगरात, तिथं रेंज नाही. पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती, ती तिनं आमच्या डोक्यावर बसून वापरली. घरी पावरी बोली, शाळेत मराठी, कंपनीत इंग्रजी आणि मशीनशी आणखी चौथंच काहीतरी. ती म्हणायची, कंपनीच्या भाषेत आठवडाभर बसलं की मला स्वप्नंसुद्धा रकान्यांत पडतात. माणसाला वाटतं तो भाषा वापरतो, पण भाषा आतून खुर्च्या हलवत असते. मी म्हटलं, आमच्या अहिराणीनं माझ्या आत फक्त खाटा ठेवल्यात. ती हसली नाही. गंभीरपणे म्हणाली, "म्हणून तुला आडवं पडून सुचतं."

तिची ओळख झाली ती माझ्या नकलांमुळे. मी दुकानात बसून गिऱ्हाईक गेल्यावर त्याचा आवाज काढायचो. बस आगाराचा भोंगा, कोर्टाच्या बाहेरचा वकील, मामाच्या नाकातली शिंक. एक दिवस ती जिन्यात थांबून ऐकत होती. मला वाटलं भाडेकरूची, म्हणजे तिचीच, नक्कल तिनं ऐकली, आता मामाकडे तक्रार. तिनं विचारलं, मशीनची नक्कल येते का? मी विचारलं, मशीन कसं बोलतं? ती म्हणाली, बोलत नाही, ऐकतं. जेवढं सांगितलं तेवढंच करतं आणि न सांगितलेलं काही समजून घेत नाही.

मग कळलं की गावाबाहेरच्या आश्रमशाळेत ती दर शनिवारी एक तास घेते, आणि पोरांसाठी स्वतःची एक छोटी भाषा बनवतेय. त्या भाषेत पोरांनी लिहायचं आणि पडद्यावर ठिपके हलायचे. पण लॅपटॉपवर चढवायच्या आधी तिला ती भाषा माणसावर चालवून बघायची होती. माणूस म्हणजे मी.

पहिल्या भाषेत शब्द होते: पुढे चाल, वळ, थांब. पोरं पटांगणात मला हुकूम सोडायची आणि मी निर्विकार तोंडानं पाळायचो. एकानं पुढे चाल म्हटलं आणि थांब म्हणायला विसरला. मी चालत चालत जाऊन हातपंपाला धडकलो, आणि धडकूनही चालतच राहिलो. पोरं लोळून हसली. त्या दिवसापासून मी मशीनदादा झालो. मला वाटलं तास फर्मास झाला. ताई मात्र पायरीवर बसून होती, हनुवटीखाली हात. पोरांनी काय काय बनवलं ते ती बघत होती. कुणी चौकोन, कुणी मोठा चौकोन, बाकीच्यांनी कवायत. नंतर म्हणाली, "ज्या भाषेत नुसता हुकूम सोडता येतो, तिच्यात पोरं हवालदारच होणार. चूक पोरांची नाही. भाषा माझी आहे."

आणि कितीतरी महिन्यांचं काम तिनं टाकून दिलं. आपण मोबाईलचं जुनं कव्हर टाकतो तसं.

पुढची भाषा यायला पावसाळा गेला. त्या दिवसांत ती खिडकीशी बसलेली असायची, चहा गार, नजर डोंगरात. होळीला डोंगरात गोल धरून नाचतात, तिथं कुणी ओरडून सांगत नाही की आता डावा पाय. प्रत्येक जण शेजारच्या खांद्याकडे बघतो आणि गोल फिरतो. तिची नवी भाषा तिथून आली. तिच्यात हुकूम नव्हताच. प्रत्येक ठिपक्यानं फक्त स्वतःबद्दल बोलायचं: शेजारचा हलला की मी हलतो. अंधार झाला की मी खाली उतरतो. बस, एवढीच भाषा. ती स्वतः बोलायची तशीच.

त्या तासांचं काय सांगू. वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावलेल्या, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, आणि त्यात ठिपके. एकानं मोहाची फुलं पाडली, वारा आला की मी सुटतो. एकानं घरी परतणाऱ्या शेळ्या केल्या, त्यातली एक दर वेळी मागं राहायची, का ते त्यालाही माहीत नव्हतं. एका पोरानं धुकं बनवलं. कुणी जवळ आलं की ते मागं सरकायचं. पोरं तीच, खोली तीच, लॅपटॉपही तोच. पंख्याच्या वाऱ्यानं चादर हलायची, भिंतीवरचं धुकं हलायचं, आणि आपण जागे आहोत की झोपेत हे मला नक्की सांगता यायचं नाही. माझ्याकडे मशीनचं काम उरलं नव्हतं. मी नुसता बघायचो. मला गप्प बसवणारी ती पहिलीच गोष्ट.

मग कंपनीचा निरोप आला: महिनाअखेर सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हा. त्याच आठवड्यात शाळेचे मोठे सर म्हणाले, शेवटच्या शनिवारी मी येतो, बघतो आणि पुढं तास ठेवायचा की नाही ते ठरवतो. त्यांचंही चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, मॅडम, उद्या ही पोरं नोकरी मागायला जातील, तिथं हे झालं-की कोण विचारणार?  ताईला एवढंच हवं होतं की ती गेल्यावर तास मरू नये. त्या दिवसांत ती चहाला टपरीवरसुद्धा फिरकली नाही.

शनिवारी मोठे सर पहिल्या बाकावर बसले. धुकं बघितलं, शेळ्या बघितल्या, मान हलवली. मग म्हणाले, या सगळ्या ठिपक्यांना प्रार्थनेला उभं करतो तसं एका रांगेत उभं करून दाखवा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्या भाषेत 'उभे राहा' म्हणायची सोयच नव्हती. माझ्या जिभेला धीर निघाला नाही आणि मोठ्या सरांच्याच आवाजात माझ्या तोंडून निघून गेलं, "रांऽऽगेत." पोरं हसत सुटली. सरांनी मागं वळून बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

तेवढ्यात सेवी उठली. आठवीतली, मराठीत मोजकं बोलणारी. तिनं लॅपटॉपवर लिहिलं: पुढे कुणी असला की मी त्याच्या मागे. भिंतभर ठिपके भटकायला लागले. एकाला दुसरा सापडला, दोघांना तिसरा. हळूहळू एक लांब शेपूट तयार झालं आणि ओढ्यासारखं वळणं घेत भिंतीवरून वाहू लागलं, फळ्यावरून, बटणांच्या बोर्डावरून, सरांच्या पांढऱ्या शर्टावरून.

सरांनी शर्टावरची रांग मान वाकवून बघितली. म्हणाले, "वाकडी आहे." मग म्हणाले, "पण मोडत नाही." आणि उठताना, "चालू द्या. पण घेणार कोण?"

ताई माझ्याकडे बघत होती.

ती गेली त्याच्या पुढच्या शनिवारी मी वर्गात उभा राहिलो, आणि काय सांगू, काय नक्कल झाली. तिचं थांबणं, तिचं डोंगराकडे बघणं, हनुवटीखालचा हात, "झालं की सांगा" म्हणतानाचा तो झोपाळू सूर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी व्हिडिओ काढून ताईला पाठवला. मला वाटलं खूश होईल.

रात्री फोन आला.

"व्हिडिओत मागच्या बाकावरून सेवी काहीतरी विचारतेय," ती म्हणाली. "काय विचारतेय?"

मी म्हटलं, लक्ष नव्हतं ताई, मी तुमचा आवाज काढत होतो.

"तीन वेळा विचारलं तिनं. मी कानाला लावून ऐकलं. ती म्हणतेय, एखाद्या ठिपक्याला काहीच करायचं नसेल, नुसतं बघत बसायचं असेल, तर त्यानं काय लिहायचं? माझ्या भाषेत त्याला जागाच नाही. मला इतक्या दिवसांत हे सुचलं नाही, त्या पोरीला सुचलं, आणि तू तिच्यासमोर माझ्यासारखा डोंगर बघत उभा! तास माझ्यासाठी वाचवला होता का आपण? मी तिथं नाहीये, गाढवा. सोमवारी शाळेत जा, तिच्या बाकावर बस आणि तिचं पूर्ण ऐकून घे. आणि तिथं तुझ्या स्वतःच्या तोंडानं बोल, कसंही असलं तरी."